भाऊंचा पाय

आजाऱ्याच्या समाचाराला जाणं ही आपल्याकडची जुनी कला आहे. तिचे प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांचा क्रमही. कसं लक्षात आलं, कुणाला दाखवलं, ऑपरेशन किती तास चाललं, खर्च किती आला. आणि मग निघताना, चपलेत पाय सरकवत, आवाज खाली आणून, ‘तसं... किती दिवस म्हणतायत?’ पेशंट माणूस असेल तर निम्म्या प्रश्नांची उत्तरं तो स्वतःच देतो आणि तेवढाच त्याचा वेळ जातो. पेशंट कुत्रा असेल तर सगळी उत्तरं घरच्यांना द्यावी लागतात. पेशंट पंख्याखाली घोरत असतो.

आमचा पेशंट म्हणजे भाऊ. भाऊबीजेला घरी आला म्हणून भाऊ. रॉटवायलर, वय ८ वर्षं, वजन ४५ किलो. एवढ्या ऐवजाला ‘ए भाऊ’ म्हणायची हिंमत कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत फारशी कुणाला झाली नाही, त्यामुळे त्याचं आपोआप आदरार्थी बहुवचन झालं. वॉचमनसुद्धा ‘भाऊ आत्ताच वर गेले’ असं सांगतो. या बहुवचनाने पुढे घोटाळा केला. मुलीने ‘भाऊंचा पाय काढला, ऑपरेशन नीट झालं, उद्या घरी आणतोय’ असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आता माझ्या थोरल्या काकांनाही गावी सगळे भाऊच म्हणतात.

सांगलीच्या आत्याचा तर तो सख्खा भाऊ. तिचा फोन आला तोच हंबरडा घेऊन. ‘साखर होतीच त्याला! कितीदा सांगितलं, जिलबी सोड, जिलबी सोड!’ पाय कुत्र्याचा आहे हे तिला पटवायला बराच वेळ लागला. पटल्यावर आधी शांतता, मग ‘मेल्या, म्हातारीचा जीव घेतोस का?’ आणि फोन ठेवायच्या आधी, जरा खालच्या पट्टीत, ‘जेवतो का पण नीट?’ कराडचा चुलतभाऊ तोवर कुबड्या घेऊन स्वारगेटला उतरला होता. खुद्द थोरल्या काकांनी फक्त एवढंच कळवलं की आपले दोन्ही पाय जागेवर आहेत आणि जिलबीबद्दल बहिणीचं काही ऐकून घेऊ नये.

रोगाचं नाव ऑस्टिओसार्कोमा. कुत्र्यांमध्ये मूळ हाडातच सुरू होणाऱ्या कर्करोगांत सर्वांत जास्त आढळणारा हाच. तो मोठ्या आणि अवाढव्य जातींना गाठतो: रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, आयरिश वुल्फहाउंड. पामेरियनच्या वाट्याला सहसा जात नाही. जागाही त्याच्या ठरलेल्या. पुढच्या पायात कोपरापासून लांब, म्हणजे मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ. मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. भाऊच्या डाव्या मनगटावर सूज आली. सुरुवातीला हे दुखणं मुरगळल्यासारखंच दिसतं. दोन दिवस लंगडतो, एक दिवस बरा चालतो. एक्स-रेमध्ये मात्र हाड आतून पोखरलेलं दिसतं. असं हाड साध्या उडीनेही मोडू शकतं आणि मोडलं तर जुळून येणं कठीण. दुखणं तर मोडायच्या आधीपासून रात्रंदिवस. म्हणून पाय काढायचा. रोग मुळासकट जावा म्हणून नव्हे, तर वेदना जावी म्हणून. डॉक्टरांनी हे आम्हाला नीट समजावून सांगितलं. आम्ही तिघं रडलो. भाऊने डॉक्टरांच्या टेबलावरचं बिस्किट खाल्लं.

त्याला आणायला आम्ही फौजफाटा घेऊन गेलो होतो. उचलायला दोन तरणी मुलं, आईचं जुनं मऊ लुगडं झोळीसारखं छातीखालून घालायला, गाडीत गादी. पुढचा पाय काढताना खांद्याच्या पात्यासकट काढतात, त्यामुळे डावी बाजू एकदम सपाट झालेली, केस भादरलेले, आणि मानेपासून छातीपर्यंत टाक्यांची लांब ओळ. बायकोने पाहिलं आणि तोंड फिरवलं. तेवढ्यात पेशंट दवाखान्याच्या तीन पायऱ्या उतरून, शेपूट हलवत गाडीच्या दाराशी उभा राहिलासुद्धा. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत अशी उभी राहतात, असं डॉक्टर म्हणाले. लुगडं शेवटी बायकोने डोळे पुसायला घेतलं.

खरी अडचण घरी आल्यावर कळली. आम्ही फ्लॅट घेताना जिचं सर्वांत जास्त कौतुक केलं ती आमची व्हिट्रिफाइड फरशी. इतकी गुळगुळीत, की तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. इथे त्या दोनांतला एक गेलेला. भाऊने उंबरा ओलांडला, उरलेला पुढचा पाय सर्रकन पुढे गेला आणि तो हनुवटीवर बसला. बसला तो बसलाच. मग माळ्यावरून, कपाटातून, पलंगाच्या पोटातून निघेल ते अंथरूण निघालं. योगासनांच्या चटया (आसनांपेक्षा भाऊच्याच जास्त उपयोगी पडल्या), सोलापुरी सतरंज्या, गोधड्या, न्हाणीघरातली रबरी जाळी, ‘सुस्वागतम’ लिहिलेलं पायपुसणं. दारापासून गॅलरीपर्यंत रस्ता तयार झाला. एका पायावर वाकून खाताना तोल जातो म्हणून ताटली उंचावर हवी होती. आईने सत्यनारायणाचा चौरंग काढून दिला. कुणी भुवई उंचावायच्या आत म्हणाली, ‘दत्ताच्या पायाशी कुत्रीच असतात. चौरंगाचं काय एवढं?’

एवढं राजेशाही स्वागत झाल्यावर कोणता शहाणा उठेल? भाऊ लोळत पडला. बायको ‘ऊठ रे राजा’ म्हणतेय, मुलगी बिस्किट दाखवतेय, मी लुगडं घेऊन उभा. भाऊ आळीपाळीने तिघांकडे पाहायचा आणि हताशपणे सुस्कारा टाकायचा. सुस्कारा टाकला की खाणं तोंडाशी येतं, हे त्याला तोवर समजलं होतं.

तिसऱ्या बाजूने कामवाल्या मावशी आल्या. हातात पोछा, कपाळावर आठी. या घरात आठ वर्षं त्या आणि भाऊ यांचं एकच भांडण चालू आहे: पुसायच्या वेळी तो मधोमध. त्यांनी सतरंज्यांच्या रस्त्याकडे पाहिलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं, टाक्यांकडे क्षणभर पाहिलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘ए भाऊ, सरक रं तिकडं. पाण्यात बसशील.’

भाऊ उठला. पुढचा उजवा पाय छातीखाली मधोमध आणला, मान खाली घालून एक झोका घेतला आणि टुण टुण टुण करत गॅलरीत गेला. तिथे वळून त्याने मावशींकडे पाहिलं. पाहण्यात तीच जुनी नाराजी होती. ‘एक पाय गेला म्हणून काय झालं, कान तर आहेत ना त्याला,’ असं म्हणून मावशींनी बादली पुढे सरकवली. आम्हा तिघांच्या आर्जवांचा त्यांनी अर्ध्या वाक्यात निकाल लावला होता.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी बोर्डावर नोटीस लावली. ती जशीच्या तशी देतो:

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की सी विंगमधील भाऊ (कुत्रा) यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. भेटीची वेळ सायं. ५ ते ७. दु. १ ते ४ बेल वाजवू नये (हा नियम कुत्र्यासाठी नसून कायमचा आहे). काढलेला पाय कोठे आहे असे लहान मुलांनी व मोठ्यांनी विचारू नये. भाऊ यांना दोन्ही लिफ्ट वापरण्यास मुभा आहे. पूर्वीची नोटीस रद्द समजावी.’

पूर्वीची नोटीस याच सेक्रेटरींची होती. तेव्हा भाऊला चार पाय होते आणि लोक त्याला पाहून चौथ्या मजल्यापर्यंत जिने चढत. चारातला एक कमी झाल्याबरोबर तेच लोक शहाळी घेऊन रांगेत. दात तेवढेच, जबडा तोच. पण एक पाय गेला आणि भाऊ एकदम ‘बिचारा’ या वर्गात जमा झाला. त्याला या बढतीचा काही विषाद वाटला नाही. शहाळ्याचं पाणी आम्ही प्यायलो, मलई त्याने खाल्ली.

पाहुण्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने एक सूचना केली: ‘जयपूर फूट का नाही बसवत?’ रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास घडवलेल्या या पायाचं नाव आपल्याकडे सुधा चंद्रन यांच्या नाचामुळे घराघरांत पोचलेलं आहे, त्यामुळे सूचना येणारच. मी समजावून सांगे, की पाय बसवायला खाली थोडा तरी खुंट लागतो. भाऊचं खांद्याचं पातंच काढलंय. पट्टा अडकवायचा कशाला? आणि बसवून त्याला जायचंय कुठे? तो तसाही चालतोच आहे. पाहुणे मान डोलावत आणि दाराशी पुन्हा म्हणत, ‘तरी एकदा जयपूरला विचारून बघा.’

तिसऱ्या मजल्यावरचे काका स्वतःच्या औषधांचा डबा घेऊन आले. त्यातली आयबुप्रोफेनची गोळी ‘अर्धी द्या, गुडघ्याला माझ्या जादू करते’ म्हणाले. माणसाच्या या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. त्याला त्याच्या डॉक्टरांनी दिलेलंच औषध द्यायचं. काका ‘असं का?’ म्हणाले आणि ती अर्धी गोळी तिथेच स्वतः घेतली. समोरच्या वहिनींनी साजूक तुपातला शिरा आणला. त्यात बेदाणे. बेदाणे आणि द्राक्षंही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. शिरा नाइलाजाने मी संपवला. आईने डिंकाच्या लाडवांचा विषय काढला, कारण हाडाचं दुखणं आणि डिंक यांचं नातं आपल्याकडे अतूट आहे. पण तीन पायांच्या कुत्र्याचं वजन वाढता कामा नये. एकेक जास्तीचा किलो त्या उरलेल्या तीन पायांना उचलावा लागतो. लाडूही नाइलाजाने मीच संपवले. पंधरवड्यात भाऊचं वजन किंचित घटलं आणि माझं वाढलं. घरातली बेरीज कायम राहिली.

बी विंगमधला एक चिमुरडा आईचं बोट धरून आला आणि सवयीने हात पुढे करून म्हणाला, ‘भाऊ, शेकहँड!’ खोलीत सगळे गप्प. भाऊ शेकहँड नेहमी डाव्या पायाने द्यायचा. मुलाच्या आईने त्याला चिमटा काढला. भाऊ त्याच्यासमोर बसला. टाक्यांखालचं कातडं नुसतं थरथरलं, तिथून काही आलं नाही. मग त्याने विचार बदलला आणि आपली भली थोरली हनुवटी त्या तळहातावर ठेवली. वजनाने पोराचा हात खाली गेला. पोरगं खुश झालं. आता बिल्डिंगमधली सगळी मुलं तसाच शेकहँड मागतात. खाली लंगडी खेळताना त्यांचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. भाऊ मध्ये घुसला तर तो आउट धरायचा की तीन पायांना सूट द्यायची?

भूमितीच्या एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला शास्त्रोक्त धीर दिला. ‘एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. तिवई कधी डुगडुगत नाही, डुगडुगतं ते चार पायांचं टेबल. तेव्हा हा आता अधिक स्थिर आहे.’ सिद्धांत बिनचूक. फक्त तिवईला रोज सकाळी चेअरमनच्या स्कॉर्पिओच्या टायरवर पाय वर करायचा नसतो.

तो प्रसंग सोसायटीने गॅलऱ्यांतून पाहिला. भाऊ आठ वर्षांच्या रिवाजाप्रमाणे डाव्या मागच्या टायरशी गेला, हुंगलं, वळला आणि मागचा उजवा पाय उचलला. आता जमिनीवर दोनच राहिले. क्षणभर तो अधांतरी, चेहऱ्यावर गणित चुकल्याचा भाव. मग हळूहळू मावळतीला कलायला लागला. मी धावलो. त्याने घाईने पाय खाली टेकला आणि खाली बसून, मादीसारखं, कार्य उरकलं. कुठेही न पाहता. वरून चेअरमन म्हणाले, ‘चालायचंच!’ पण रॉटवायलर हार मानणाऱ्यांतला नाही. काही दिवसांनी त्याने शोध लावला: आधी सपाट झालेली डावी बाजू चाकाला टेकवायची आणि मग मागचा उजवा पाय उचलायचा. नेम मात्र साफ चुकतो. धार टायरऐवजी माझ्या बुटावर येते. चेअरमन यालाच प्रगती म्हणतात.

टाके चाटू नयेत म्हणून दिलेलं गळ्यातलं प्लॅस्टिकचं नरसाळं त्याने दाराच्या चौकटीवर आपटून आपटून फोडलं, तेव्हा मुलीने माझा जुना टी-शर्ट त्याला घातला. त्यावर ‘पुणे मॅरेथॉन’ असं लिहिलेलं. ती स्पर्धा मी रस्त्याच्या कडेने, केळी वाटत, पूर्ण केली होती. व्हिडिओ कॉलवर टोरांटोच्या भाच्याने भाऊला त्या वेशात पाहिलं आणि हसता हसता थांबला. त्याने टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली. कॅनडाचा मुलगा. हाच रोग, उजवा पाय गुडघ्याच्या वरून १९७७ मध्ये काढला. १९८०च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पायावर तो देश ओलांडायला निघाला, कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे गोळा करत. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. फुप्फुसात रोग पोचला तेव्हा थांबला. पुढच्या वर्षी, बाविसाव्या वर्षी गेला. दरवर्षी सप्टेंबरात त्याच्या नावाने लोक अजून धावतात. वाढत्या वयाच्या मुलांना होणारा हा रोग आणि कुत्र्यांचा रोग इतके सारखे, की मुलांचा पाय न कापता फक्त रोगट हाड काढायच्या तंत्रांना कुत्र्यांवरच्या उपचारांतून मदत झाली. आम्ही सगळे गंभीर झालो. भाऊने टी-शर्टची डावी बाही चावून टाकली. तशी ती रिकामीच होती.

आता तो चपलेतला प्रश्न. ‘किती दिवस?’ आकडे डॉक्टरांनी लपवले नाहीत. निदान होतं तेव्हाच दहापैकी नऊ कुत्र्यांत रोगाचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाकडे निघालेले असतात. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने, जोडीला केमोथेरपी दिली तर दहा महिने ते वर्ष. पाचातला एखादा दोन वर्षं पाहतो. भाऊला तीन-तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन चालू आहे. ‘केस गळतील का हो?’ असं सेक्रेटरींनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवत विचारलं. बहुतेक कुत्र्यांचे गळत नाहीत. त्यांना औषध बेतानेच देतात, त्यामुळे उलट्या-मळमळही माणसाच्या मानाने कमी. सेक्रेटरी जरा खट्टू झाले.

मी जन्मभर बँकेत काम केलं. आकडा दिसला की त्याखाली रेघ मारून बेरीज करायची सवय. भाऊ झोपला की मी महिने मोजतो, खर्च मोजतो, केमोचे डोस मोजतो. ‘एवढ्यात नवी स्कूटर आली असती,’ असं एकजण म्हणाले, तर तोही हिशेब मी मनात करून पाहिला. स्कूटर येते, पण दाराशी आपली वाट पाहत बसत नाही. भाऊच्या बाजूला हिशेबवही नाहीच. त्याला चार वजा एक माहीत नाही. त्याच्या दृष्टीने आधी एक पाय दुखायचा, आता काही दुखत नाही. मधे कुठेतरी एक वाईट रात्र गेली. या व्यवहारात तो नफ्यात आहे.

फिरायला जाण्याचं एक नवंच संकट उभं राहिलंय. तीन पायांच्या कुत्र्याला हळू चालणं अवघड आणि पळणं सोपं. हळू चालताना प्रत्येक पावलाला डोकं वर-खाली करत तोल सावरावा लागतो. वेग घेतला की टप्पे आपोआप जमतात. त्यामुळे भाऊ टेकडीच्या रस्त्याला लागला की पळतो. मागून पट्टा धरून मी, गुडघ्याला पट्टी, तोंडाला फेस. परवा समोरून आलेल्या एका गृहस्थांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काळजीने विचारलं, ‘ऑपरेशन नक्की कुणाचं झालंय?’

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगायचंय. तुमच्याकडे मोठ्या जातीचं कुत्रं असेल आणि ते लंगडायला लागलं, तर मुरगळ समजून लेप लावत बसू नका, लवकर एक्स-रे काढून घ्या. त्यातून पाय काढायची वेळ आलीच, तर बाकीचे तीन पाय आणि छाती धड आहे ना, हे डॉक्टरांना तपासायला सांगा. ते ठीक म्हणाले, तर कुत्र्याला जमेल का ही चिंता सोडा. त्याला जमतं. तुम्ही आधी फरशीवर सतरंज्या टाका, आणि समाचाराला येणाऱ्यांना चप्पल बाहेर काढण्यापूर्वीच सांगून ठेवा: या घरात दिवस मोजायला बंदी आहे.